माय मांडे विसरली, हे नुसतं म्हातारपण नाही

पत्र: ताई, मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, आम्ही सगळे त्यांना माय म्हणतो. दीड-दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलंय. जेवण झालं तरी म्हणतात मला कोणी वाढलं नाही, एकच गोष्ट दहा वेळा विचारतात. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करायला बसल्या, खापर तापलेलं, मांडा हातावर घेतला आणि थांबल्याच, माझ्याकडं बघून म्हणे "आते काय करू व?" मला मांडे त्यांनीच शिकवलेत. दिवेलागणीला गाठोडं बांधून दारात बसतात, "माले घर जानं शे" म्हणतात. कानानं आठ-दहा वर्षांपासून कमी ऐकू येतं. नणंद म्हणते नाटकं आहेत, शेजारीण म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, मिस्टर म्हणतात म्हातारपण आहे, सोडून दे. पण मिस्टर स्वतःच घाबरलेत, त्यांच्या आजोबांना शेवटी असंच झालं होतं, मलाही होईल का म्हणून रात्र रात्र जागे असतात. वय ४८, शुगर आहे. परवा मायनं माझ्यावर पैसे चोरल्याचा आळ घेतला, मी फार ओरडले, मग दोघी रडलो. काय करू?

उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या खापरापाशीच अडकले. ज्यांनी मांडे केलेत त्यांना माहितीय, तिथं विचार करायला वेळच नसतो, पुरण भरलेला उंडा हातावर घेतला की फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि फाटायच्या आत उपड्या खापरावर टाकायचा, सगळं हातच करत असतात. पन्नास वर्षं ज्या हातांनी ते केलं ते मधेच थांबले आणि पुढं काय हे सुनेला विचारायची वेळ आली, याला मी तरी म्हातारपण म्हणणार नाही.

म्हातारपणी विसरायला होतं, खरंय. चष्मा कुठं ठेवला, पाहुण्याचं नाव काय, तोंडावर आहे पण येत नाही, आणि मग तासाभरानं भाजी निवडताना आठवतं. ते चालतं. पण जेवलोय हेच नोंदलं जात नाही, आठवण करून दिली तरी "हो गं, खरंच की" असं होत नाही, रोजचं काम करताना पायऱ्या सुटतात, ओळखीच्या घरात बसून घरी जायचंय म्हणतात, आणि हे सगळं महिन्यामहिन्यानं वाढत जातं, हे वेगळं आहे. याला डिमेन्शिया म्हणतात. डिमेन्शिया म्हणजे एकच आजार नाही, ताप जसा पन्नास कारणांनी येतो तसंच याचंही आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण अल्झायमर, शंभरात साधारण ६० ते ७० जणांना तोच असतो. भारतात साठीच्या पुढच्या शंभर माणसांमागं सात-साडेसात जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं, आणि शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त आहे. त्यातल्या कितीतरी घरांत "म्हातारपण" एवढं म्हणून दार लावून घेतलेलं असतं.

आमच्या घरी आम्ही हेच केलं म्हणून मला हे एवढं लागतं. वडील भुसावळला रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाल्यावर रात्री दोनला उठायचे, "पेटी कुठंय माझी, गाडी लागली" म्हणत घरभर शोधायचे, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. आम्ही भावंडं वाद घालायचो, अहो तुम्ही कधीच रिटायर झालात, ते चिडायचे, आम्ही चिडायचो, गल्लीतले दिवे लागायचे. एका डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी वयाचं आहे म्हणून टॉनिक लिहून दिलं आणि आम्हाला पण ते बरंच वाटलं, कारण मग पुढं काही करायला नको होतं. दीड वर्ष असं गेलं. ते दीड वर्ष मला परत हवंय, पण ते कुठून येणार. तुमचं अजून हातात आहे.

आता डोक्यात होतं काय ते सांगते, कारण ते कळलं की नणंदबाईंना पण कळेल की ही नाटकं नाहीत. अलॉइस अल्झायमर नावाचे जर्मन डॉक्टर होते. १९०१ साली फ्रँकफर्टच्या दवाखान्यात त्यांच्याकडं ५१ वर्षांची एक बाई आली, विसरायची, गोंधळायची, नवऱ्यावर संशय घ्यायची. ती १९०६ साली वारली, त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि त्यात दोन गोष्टी दिसल्या, पेशींच्या बाहेर साचलेले गोळे आणि पेशींच्या आत गुंता झालेले धागे. गोळ्यांमधल्या प्रोटीनला आज अमायलॉइड म्हणतात, धाग्यांमधल्याला टाऊ. हे साचत साचत पेशी काम सोडतात आणि मरतात, मेंदू आकसतो. आणि बहुतेक वेळा सुरुवात होते हिप्पोकॅम्पसपासून, म्हणजे नवीन आठवण जिथं पक्की होते तिथून. म्हणून मायला सकाळची भाकरी आठवत नाही पण माहेरचा ओटा, लहानपणची आखाजी, झोका, गाणी सगळं आठवत असणार, जुनं दुसरीकडं साठवलेलं असतं आणि ते उशिरा जातं. "माले घर जानं शे" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनातलं घर बहुतेक ते माहेरचं आहे, तुमचं नाही. त्यात तुमचा अपमान नाही ताई.

आणि ते पैशाचं. आळ घेणं हे या आजारात इतक्या घरांत होतं की मला रोज कोणीतरी लिहितं. त्या स्वतःच पैसे कुठंतरी जपून ठेवतात, ठेवल्याचं नोंदलं जात नाही, जागेवर पैसे नाहीत एवढं दिसतं, मग मेंदू ती रिकामी जागा भरतो, कोणीतरी नेले, आणि जवळ कोण असतं तर तुम्ही. जी सगळ्यात जास्त करते तिच्यावरच आळ येतो. वाद घालून त्यांना पटणार नाही, कारण पटल्याचं पण लक्षात राहणार नाही. "थांबा माय, आपण दोघी शोधू" म्हणा आणि खरंच शोधा, गादीखाली, तांदळाच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या घडीत. एका छोट्या बटव्यात दहा-वीसच्या नोटा घालून तो त्यांच्या कमरेलाच राहू द्या. तुम्ही ओरडलात, हरकत नाही, माणूस आहात, ओरडलेलं त्या विसरल्या असतील, तुम्हीही तेवढंच सोडा.

पण मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून कोणाला अल्झायमर आहे असं मी म्हणणार नाही, कोणी म्हणत असेल तर त्याचंही ऐकू नका. कारण असंच विसरणं दुसऱ्या गोष्टींनीही होतं आणि त्यातल्या काही बऱ्या होतात. बी-ट्वेल्व्ह कमी असलं तर होतं, माय माळकरी, शाकाहारी असतील किंवा शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर हे आधी बघायचं. थायरॉईड मंद झालं तर होतं. मनातून खचलेल्या म्हाताऱ्या माणसाचं डिप्रेशन अगदी असंच दिसतं. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, लघवीच्या काही गोळ्या यांनी डोकं धुंद होतं. मोरीत पडून डोक्याला मार लागला आणि नंतर आत हळूहळू रक्त साचलं, तरी आठवड्यांनी असं होतं, आणि ते ऑपरेशननं निघतं. म्हणून रक्ताच्या तपासण्या, डोक्याचा सीटी किंवा एमआरआय, आणि तो प्रश्नांचा कागद, आज वार कोणता, तीन शब्द सांगतो ते पाच मिनिटांनी सांगा, असं सगळं व्हायला पाहिजे. माय शाळेत गेल्या नसतील तर डॉक्टरांना ते आधीच सांगा, न शिकलेल्या माणसाला वेगळ्या पद्धतीनं तपासतात, नाहीतर अक्षर येत नाही म्हणून मार्क जातील.

धुळ्याला आणि जळगावला, दोन्हीकडं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, तिथल्या मेडिसिनच्या किंवा मानसिक आजाराच्या ओपीडीत सुरुवात करा, ते पुढं मेंदूच्या डॉक्टरकडं पाठवतील. मानसिक नाव ऐकून घाबरू नका, गावात कोणाला काही सांगायची गरज नाही. जाताना मायच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, रिकामी पाकिटं सुद्धा. आणि जायच्या आधी आठ दिवस एका वहीत लिहा, किती वाजता काय झालं, आणि ती वही डॉक्टरच्या हातात द्या, मायसमोर "ही असं करते तसं करते" म्हणू नका, त्यांना आठवत नसलं तरी लागतं.

एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम. माय आज ठीक होत्या आणि दोन दिवसांत एकदम बदलल्या, बडबडायला लागल्या, दिवसभर झोपूनच, भलतंच काही दिसतंय म्हणतात, तर तो अल्झायमर वाढला असं समजून बसू नका. अल्झायमर असा दोन दिवसांत उडी मारत नाही. लघवीचं इन्फेक्शन, छातीत कफ, शुगर खाली येणं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा पाणी कमी पडणं, हे असतं. अशा माणसाला तहानच कळत नाही किंवा पाणी प्यायचं लक्षात राहत नाही. दर तासाला हातात पेला द्या, पी म्हणून सांगून उपयोग नाही. आणि तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर लकवा, तिथं एक मिनिट थांबू नका.

शेजारणीला मी वाईट म्हणत नाही, काळजीनंच सांगत असेल. देवाला नारळ फोडायचा तर फोडा. पण भगताकडं नेऊन धुपात बसवणं, मिरच्या ओवाळून धरणं, उपाशी ठेवणं हे करू देऊ नका, घाबरलेलं माणूस आणखी घाबरतं.

आता तुमचे मिस्टर. त्यांना हे पत्र वाचून दाखवा, म्हणजे आज तरी झोपतील.

दादा, आजोबांना होतं, आईला असेल, म्हणून तुम्हाला होणारच असं नाही. सरळ वारशानं येणारा अल्झायमर असतो, पण तो फार दुर्मिळ, शंभरात एकाहून कमी, आणि तो बहुतेक वेळा साठीच्या आतच सुरू होतो, पिढ्यानपिढ्या. तुमच्या घरी उतारवयात झालंय, म्हणजे तो तसा दिसत नाही. एपीओई-४ नावाचा एक जीन आहे, आई किंवा वडील एकाकडूनच आला तर शक्यता दोन-तीन पट होते, दोघांकडूनही आला तर आणखी बरीच, पण तो असून शेवटपर्यंत काही न झालेली माणसं आहेत आणि तो नसून झालेली पण आहेत, त्यामुळं ती टेस्ट करून आणून उशाशी ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. सगळ्यात मोठं कारण वय, पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी शक्यता जवळपास दुप्पट होते, आणि वय आपल्या हातात नाही.

जे हातात आहे ते ऐका. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकानं नेमलेल्या तज्ज्ञांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून सांगितलं की डिमेन्शियाच्या जवळपास ४५ टक्के केसेस १४ गोष्टी सांभाळल्या तर टळू शकतात किंवा पुढं ढकलता येतात. हा आकडा सगळ्या समाजाचा आहे हं, एका माणसाला गॅरंटी नाही, सगळं नीट करून पण एखाद्याला होतं. आणि याचा अर्थ मायनं काही चूक केली असाही घेऊ नका, कमी शिक्षण ही त्या यादीतली एक गोष्ट आहे, आता त्या पिढीतल्या मुलीला दुसरीतून काढून कापूस वेचायला लावलं, त्यात तिची काय चूक? शिकताना मेंदूत जोडण्या वाढतात, मग आजार आला तरी काही वर्षं त्या जोरावर निभावतं, एवढंच त्यामागं आहे, म्हणून तुमची मुलगी शिकतेय ना तिला थांबवू नका.

दादा, तुमच्यासाठी शुगर पहिली. तीन महिन्यांची शुगर तपासा, एचबीएवनसी म्हणतात, आणि ती आटोक्यात आणा, कारण शुगर आणि बीपी मेंदूतल्या बारीक नळ्या खराब करतात आणि मेंदूतले ते बदल लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात. म्हणजे ४८ व्या वर्षी तुम्ही जे कराल ते ६८ ला दिसणार आहे. हे ऐकून घाबरायचं नाही, उलट तुम्ही वेळेवर जागे झालात. बीपी चाळिशीपासूनच वरचा आकडा १३० च्या आत ठेवा म्हणतात, गोळी लागली तर घ्या, बरं वाटलं म्हणून सोडू नका. कोलेस्टेरॉलमधलं वाईट ते एलडीएल तपासा. बिडी-सिगारेट असेल तर बंद, दारू असेल तर ती पण. पोट कमी करा, रोज चाला, शेतात जाता म्हणजे व्यायाम झाला असं नाही, हल्ली सगळे बांधापर्यंत मोटारसायकलवर जातात. आणि त्या मोटारसायकलवर हेल्मेट घाला, डोक्याचा मार पण त्या यादीत आहे. धुराची हवा, खचलेलं मन, एकटं पडणं, डोळ्यानं नीट न दिसणं हे पण आहे, म्हणून मायचा मोतीबिंदू राहिला असेल तर तो काढून घ्या. आणि रात्री जागं राहून होणार-होणार करत बसलात तर शुगर आणखी चढेल.

मी मुद्दाम शेवटी ठेवलंय ते कान. सगळ्यात जास्त दुर्लक्ष आपण याच्याकडं करतो, म्हातारी बहिरी झाली म्हणायचं आणि मोठ्यानं बोलायचं, मग मोठ्यानं बोलून बोलून कंटाळा येतो आणि बोलणंच कमी होतं. त्या १४ गोष्टींत कमी ऐकू येणं आणि एलडीएल या दोन सगळ्यात वजनदार निघाल्या. ऐकू येत नाही म्हणजे मेंदूला खुराक कमी, त्यात जो काही आवाज येतो तो समजून घेण्यातच सगळी ताकद जाते, आणि माणूस पंगतीत बसून पण एकटं पडतं. २०२३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात कानाचं मशीन आणि त्यासोबत सल्ला देऊन तीन वर्षं बघितलं, सगळे मिळून धरले तर फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळपास निम्म्यानं कमी झाली. मायचे कान आठ-दहा वर्षं तसेच आहेत. आता मशीन लावून गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही, पण निदान त्या दहा वेळा विचारतात त्यातलं तीन वेळा त्यांना तुमचं उत्तर ऐकूच आलेलं नसेल. आधी साधा मळ आहे का तो बघा.

औषधांचं थोडक्यात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन या गोळ्या आहेत, आजार थांबत नाही पण काही जणांचं रोजचं चालणं-बोलणं थोडे दिवस बरं राहतं, डॉक्टरांनी दिल्या तर मनानं बंद करू नका. लेकॅनेमॅब नावाचं इंजेक्शन २०२३ ला अमेरिकेत पूर्ण मंजूर झालं, ते अमायलॉइड काढतं, पण अगदी सुरुवातीच्या रुग्णांनाच, घसरण थोडी हळू होते, बरं नाही करत, मेंदूत सूज आणि रक्तस्राव होऊ शकतो आणि खर्च फार मोठा आहे, त्याच्यासाठी शेत विकायचा विचार डोक्यात आणू नका. बदाम, ब्राह्मी कोणी सांगेल, खाऊ द्या, पण त्यानं हा आजार थांबतो असं दिसलेलं नाही, आणि काढा-चूर्ण काही देत असाल तर डॉक्टरांना सांगा.

घरातलं. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, संध्याकाळी सावल्यांनी गोंधळ वाढतो. गाठोडं बांधलं की ते सोडू नका, ओढू तर अजिबात नका. माझी आई शेवटी शेवटी फार शहाणपणानं वागली. एका रात्री वडील पेटी शोधत होते तर तिनं त्यांच्या हातात घरातली बॅटरी दिली आणि म्हणाली, "गाडी दोन तास लेट आहे, चहा घ्या." ते बसले, बॅटरी मांडीवर, चहा प्यायले आणि तिथंच कलंडले. खोटं बोलली का ती? मला नाही वाटत. तुम्ही पण म्हणा, "हो माय, जाऊ, आधी चहा घेऊ, तुमच्या घरी अंगणात काय काय होतं ते सांगा." सांगता सांगता गाठोडं विसरतात बऱ्याचदा. विहिरीवर झाकण, गॅस बंद करायची चावी हाताबाहेर, आणि लुगड्याच्या ओच्यात किंवा गळ्यात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

काम मात्र काढून घेऊ नका. दादर ज्वारी निवडायला द्या, शेंगा फोडायला द्या, खडे राहिले तर तुम्ही नंतर बघा. श्रावणात कानबाईचा सण येईल तेव्हा मायला गाण्यात पुढं बसवा, शब्द विसरणाऱ्या बायका गाणं अख्खं म्हणतात, मी बघितलंय.

आणि नणंदबाईंना सांगा, पंधरा दिवस माय तुमच्याकडं. नाटकं म्हणणारं माणूस चार रात्री जागलं की बोलायचं बंद होतं, पण त्यासाठी नाही, तुम्हाला झोप पाहिजे म्हणून. जागा बदलली की माय जास्त गोंधळतात, त्यामुळं जमलं तर नणंदेलाच इकडं बोलवा आणि तुम्ही माहेरी जा. फोनवर बोलायला कोणी हवं असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ नंबर आहे, आणि तुमचंच मन भरून आलं तर १४४१६, दोन्ही फुकट आहेत.

मांड्यांचं राहिलं. पुढच्या वेळी सगळं त्यांच्यावर टाकू नका आणि बाजूला पण बसवू नका. उंडा तुम्ही भरा, हातावर त्यांना द्या, थांबल्या तर तुमचे हात त्यांच्या हातांखाली धरून फिरवायला लागा, बोलू नका काही. फाटला तर फाटलेला मांडा दुधात चुरून त्यांनाच वाढा.

बी-ट्वेल्व्ह, थायरॉईड आणि कानाचा रिपोर्ट आला की मला लिहा, आणि दादांची तीन महिन्यांची शुगर किती आली तेही.